शाकाहारी माणसाची शिकारीची साइट

सगळ्यात आधी सरांच्या गुडघ्याबद्दल सांगते, कारण आमची ओळख त्या गुडघ्यामुळेच झाली. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात दोघांत मिळून एक लांब टेबल असायचं. सर बसले, की त्यांचा उजवा गुडघा टेबलाखाली शिलाई मशीनसारखा सुरू व्हायचा आणि माझा मॉनिटर थरथरायला लागायचा. पहिला आठवडा मी सोसलं. दुसऱ्या आठवड्यात म्हटलं, "सर, हा पाय बंद करायची काही कमांड आहे का?"

"आहे," ते म्हणाले. "मी उभा राहतो."

आणि खरंच उभे राहिले. पुढची सगळी वर्षं ते बहुतेक उभ्यानंच काम करायचे, बूट काढून, नुसत्या मोज्यांवर. मधूनच काही न सांगता जिना उतरून बिल्डिंगला एक चक्कर मारून यायचे. जुलैतसुद्धा. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते अशा दिवसांत हे गृहस्थ रस्त्यावर, आणि परत आले की घाम पुसत म्हणायचे, "सुटलं." म्हणजे डोक्यात अडकलेलं काहीतरी सुटलं. ते डेटाबेसचं काम बघायचे. मी टेस्टिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधून तोंडावर सांगायचा मला पगार मिळतो. माझा नवरा म्हणतो, पगार नसता तरी तू तेच केलं असतंस.

आता ते नाशिकला असतात. परवा त्यांच्या रिकाम्या जागेवर एक शांत मुलगी येऊन बसली आहे आणि माझा मॉनिटर अगदी स्थिर आहे. मला ते बघवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तर एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या स्क्रीनवर भलीमोठी शिंगं असलेला एक प्राणी दिसला. मी उडालेच. कारण हा माणूस कमालीचा शाकाहारी. ऑफिसात कुणाचाही वाढदिवस असला की केकच्या खोक्यावरचं लेबल आधी हे वाचणार, अंडं असेल तर हसून मागे सरणार. सामोसा कुठल्या तेलात तळला ह्याची फोनवर चौकशी करणार.

"सर, हे काय? शिकार?"

"मी नाही करत. लोक करतात. मी फक्त त्यांना चान्स किती आहे ते सांगतो."

प्रकार असा होता. अमेरिकेतल्या डोंगराळ राज्यांत मोठ्या जनावराची शिकार करायची तर सरकारी परमिट लागतं. परमिटं थोडी, मागणारे हजारो. म्हणून दर वर्षी अर्ज मागवून सोडत काढतात, आपल्याकडे घरांची काढतात तशी. नंबर लागला नाही तर एक पॉइंट मिळतो, आणि जितके पॉइंट जास्त तितके तुम्ही रांगेत पुढे. साध्या एरियाचं परमिट लवकर मिळून जातं. चांगल्या एरियासाठी माणसं अर्धं आयुष्य पॉइंट जमवत बसतात. आणि परमिट हातात आलं की पॉइंट शून्यावर. म्हणजे प्रश्न एवढाच, की जमलेले पॉइंट आज साध्या जागेवर खर्च करायचे की चांगल्या जागेसाठी थांबायचं? ह्याचं उत्तर आमचे सर द्यायचे, स्वतःच्या साइटवर, फुकट, आणि दर वर्षी सगळ्या राज्यांचे आकडे पहिल्यापासून तपासून.

सुरुवात त्यांच्या तरुणपणी झाली. कंपनीनं त्यांना वर्षभर अमेरिकेत पाठवलं होतं. शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी परमिट मिळत नाही म्हणून रोज कुरकुरायचा. ती कुरकुर असह्य होऊन ह्यांनी सरकारी आकडे उघडले आणि कुठे अर्ज केला तर नंबर लागेल ते काढून दिलं. लागला. त्या माणसानं आनंदानं ह्यांना मांसाचा एक डबा आणून दिला. तो डबा ह्यांनी दोन्ही हातांत, अंग चोरून धरला आणि तसाच शेजारच्या बिऱ्हाडात पोचवला. मग त्या सहकाऱ्याचे मित्र आले, मित्रांचे मेहुणे आले, आणि हे दुबईला आले तरी ते लोक काही सुटले नाहीत.

साइट दिसायला भयंकर होती. हिरव्यागार पानावर पिवळे आकडे, आणि वर ह्यांच्या मुलीनं शाळेत असताना काढलेलं सांबर, जे कुठल्याही बाजूनं बघितलं तरी शिंगं लावलेली शेळी वाटायचं. शिकारी लोकांची समजूत अशी, की ही साइट चालवणारा म्हणजे जंगलात लाकडी घरात राहणारा कुणी दाढीवाला मुरलेला गडी. मला हे आठवून अजून हसू येतं. तो मुरलेला गडी बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वरणभात कालवत असायचा.

वहिनींचं मत वेगळं होतं. "घरात एक मेंढा पाळलाय ह्यांनी," त्या म्हणायच्या. "रोज पहाटे उठून त्याला चारा घालतात. माझ्याशी दोन शब्द बोलायलाही वेळ नसतो."

सरांची एक ठरलेली बोलण्याची तऱ्हा होती. कुणी विचारलं, "सर, होईल ना हो माझं काम?" की लगेच, "आशा आणि शक्यता ही दोन वेगळी डिपार्टमेंट आहेत. माझ्याकडे एकाचाच चार्ज आहे." पार्किंग मिळायची शक्यता, लिफ्ट मधल्या मजल्यावर थांबायची शक्यता, मॅनेजर मीटिंग विसरायची शक्यता, हे सगळं ते टक्क्यांत सांगायचे, आणि चीड येण्याइतकं बरोबर सांगायचे. एकदा माझ्या मुलीच्या शाळेच्या ॲडमिशनची शक्यता त्यांनी तोंडावर बारा टक्के सांगितली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ॲडमिशन मिळाली नाही.

लकी ड्रॉ म्हटलं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं, आणि दुबईत तर पावलोपावली लकी ड्रॉ. आमच्या मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम देरा भागातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. गाणी झाली, तिळगूळ झाला, शेवटी लकी ड्रॉ. बक्षीस एअर फ्रायर. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी काचेच्या बरणीत हात घातला, तोच हे मागच्या रांगेतून उभे.

"एक मिनिट. चिठ्ठ्या ढवळल्या का?"

"ढवळल्या की!"

"नाही ढवळल्या. मी बघतोय. उशिरा आलेल्यांच्या चिठ्ठ्या वर आहेत. वेळेवर आले त्यांच्यावर हा अन्याय आहे."

स्टेजवर गेले. बरणी टेबलावर उपडी केली, चिठ्ठ्या पसरल्या, काहींच्या घड्या जाड आहेत म्हणून त्या उलगडून पुन्हा घालायला लावल्या. हॉलची वेळ संपत आलेली, हॉटेलचा माणूस दारातून "यल्ला, यल्ला, खलास करो" म्हणतोय, पोरं पेंगायला लागलेली. शेवटी चिठ्ठी निघाली, ती वहिनींची. टाळ्या पडल्या, वहिनी पदर सावरत उठल्यासुद्धा. आणि हे माइकवरून म्हणतात, "हे चालणार नाही. चिठ्ठ्या मी ढवळल्यात. दुसरी काढा."

वहिनी अर्ध्या वाटेवरून मागे फिरल्या. त्यानंतर बरेच दिवस ह्यांच्या डब्यात नुसती खिचडी यायची. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "निर्णय बरोबरच होता. परिणाम वेगळे," आणि मुकाट्यानं खिचडी संपवली.

असा माणूस हजारो अनोळखी लोकांना एकच सल्ला द्यायचा. थांबा. एक वर्ष थांबा, आकडे तुमच्या बाजूनं येतायत. आणि आकड्यांपुरतं ते खरंच असायचं. इथे आखातात थांबणं कुणाला खटकतच नाही. आम्ही सगळेच इथे अजून एका वर्षासाठी राहतो. अजून एक वर्ष, मग पुण्याला जाऊ. मुलीची दहावी होऊ दे, मग जाऊ. सरांचं नाशिकला परत जायचं तर त्यांची मुलगी लहान असल्यापासून ठरलेलं होतं. ती कॉलेजला गेली तरी ते इथेच. एकदा ऑफिसच्या पार्टीला ती आली होती, तेव्हा नाशिकचा विषय निघाला तर म्हणाली, "बाबा, यू हॅव बीन सेइंग धिस सिन्स केजी टू." सगळे हसले. सरही हसले. आपल्याला थांबायची इतकी सवय झालेली, की दुसऱ्याला थांब म्हणताना जीभ अडखळत नाही.

त्या हजारोंतला एक होता वॉल्ट. मक्याच्या सपाट मुलुखात राहणारा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. लहानपणी न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर त्यानं डोंगरातल्या रानमेंढ्याचं चित्र पाहिलं होतं, कड्यावर उभा, शिंगं वळून पार गालापर्यंत आलेली. तेव्हापासून त्याला आयुष्यात एकदा त्या डोंगरात त्या मेंढ्यामागे जायचं होतं. दर वर्षी अर्ज भरायचे दिवस आले की सर त्याला फोन करायचे. आमच्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. पँट्रीत उभ्यानं, चहाचा कप हातात. वॉल्ट विचारायचा, "काय रे, ह्या वर्षी?" आणि हे सांगायचे, "साध्या एरियात मिळेल, पण थांब. चांगल्या एरियात तू दर वर्षी पुढे सरकतोयस." मग हवा, मका, वहिनींच्या भाज्या, असं अर्धा तास चालायचं. इतरांना ते ईमेल करायचे. फोन फक्त वॉल्टला.

मग वॉल्ट ज्या डोंगराळ राज्यात अर्ज करायचा, त्या राज्यानं नियम बदलले. बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्यांसाठी परमिटं होती, त्यांतली बरीचशी काढून घेतली. राज्य त्यांचं, मेंढे त्यांचे, त्यांना तो हक्क होताच. पण वॉल्ट बाहेरचा. तो रांगेत अगदी तोंडाशी पोचला होता, पुढच्या वर्षी नंबर जवळजवळ नक्की होता, आणि आता नव्या नियमानं हिशेब केला तर त्याचा नंबर लागेपर्यंत तो नव्वदीचा झाला असता.

त्या दिवशी सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "तू जरा हे बघ ना."

"काय आहे?"

"बग शोध."

"कुठला बग, सर?"

"असेल ना गं काहीतरी. असायलाच पाहिजे. माझ्या कोडमध्ये तुला कायम काहीतरी सापडतं."

मी शोधला. कामाची टेस्टिंग बाजूला टाकून शोधला. त्यांनी वर्षानुवर्षं एकट्यानं लिहिलेलं ते सगळं मी पहिल्यांदाच आतून बघत होते, आणि ते स्वच्छ होतं. आकडे वेगळ्या पद्धतीनं काढून बघितले, हातानं काढून बघितले. हे सारखे मागे येऊन, "मिळाला?" विचारायचे आणि मी मान हलवली की जिना उतरून जायचे. नोकरीत पहिल्यांदाच, चूक सापडत नाही म्हणून मी तेच तेच पुन्हा तपासत बसले.

"नाही सर," शेवटी मी म्हटलं. "बरोबर आहे सगळं."

"मग त्याला सांगायला हवं," ते म्हणाले. "साध्या एरियाची मुदत अजून आहे. निदान तिथे अर्ज कर म्हणतो. तू थांब इथे. मी एकटा नाही बोलणार."

पँट्रीत स्पीकरवर फोन लावला. बोलणं इंग्रजीत झालं, मी माझ्या भाषेत सांगते. सरांनी नियम सांगायला सुरुवात केली, तसं वॉल्टनं त्यांना मध्येच थांबवलं.

"मला माहीत आहे रे. वाचलं मी."

"तू साध्या एरियात अर्ज कर. आजच. तिथे अजूनही बरा चान्स आहे."

"ऐक. माझ्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन हिवाळे झाले. मला आता पोर्चच्या पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागतो. डोंगर कसला चढतोय मी."

सर म्हणाले, "तीन हिवाळे? मग दर वर्षी विचारत का होतास?"

"नाही विचारलं असतं तर तू फोन बंद केला असतास."

"आणि त्याच्या आधी?" सरांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ऑपरेशनच्या आधी चढता येत होतं?"

"हो, तेव्हा येत होतं," वॉल्ट म्हणाला. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मग त्यानं वहिनींच्या कुंडीतल्या मिरच्यांची चौकशी केली.

फोन ठेवून हे खाली गेले ते आलेच नाहीत. मी शोधायला उतरले, तर पार्किंगच्या सावलीत खांबाला हात लावून उभे. "अगं, त्याला चढता येत होतं. साध्या एरियाचं परमिट मिळत होतं. दर वर्षी मिळत होतं! मी थांब म्हटलं. माझ्या आकड्यांच्या टेबलात माणसाच्या वयाचा कॉलमच नाही." आणि एकदम माझ्यावरच घसरले, "तू टेस्टर ना? तू का नाही विचारलंस?"

"मला कोड तुम्ही परवा दाखवलात!" मी भर पार्किंगमध्ये ओरडले. "आणि दोष ह्याच्या त्याच्या डोक्यावर कशाला टाकताय? म्हातारा काही म्हणाला का तुम्हाला? एक शब्द तरी?"

"तेच तर ना," ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. मी आजवर त्यांना तसं पाहिलं नव्हतं. मलाही रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

साइट बंद करायचं त्यांनी त्याच आठवड्यात जाहीर केलं. ईमेलचा पाऊस पडला. शिकाऱ्यांनी विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, एकानं तर आपली पोरं ह्याच साइटवर मोठी झाली असं लिहिलं. तिकडच्या एका तरुण प्रोग्रामरनं सगळं जसंच्या तसं चालवायची तयारी दाखवली. मी म्हटलं, द्या ना सर, इतक्या वर्षांचं काम आहे. "चालवेल तो," ते म्हणाले. "आकडेही बरोबरच देईल. मी काय चूक देत होतो?" सगळी पानं काढून टाकली, आणि एकाच पानावर दोन ओळी ठेवल्या. त्यांचा अर्थ असा: ही साइट बंद झाली आहे. तुमच्याकडे पॉइंट किती आहेत ते राहू द्या, आज जो डोंगर चढता येईल त्याच्यासाठी अर्ज करा. माझ्याकडून इंग्रजी तपासून घेतलं. मी काही बदललं नाही.

नंतरचे दिवस मात्र वाईट गेले. पहाटे जाग यायची ती येतच होती आणि करायला काही नाही. ऑफिसात दिवसातून दहादा खाली उतरायचे, पण वर आल्यावर "सुटलं" म्हणायचे नाहीत. एकदा वहिनींचा मला फोन आला, "अगं, त्यांना काहीतरी काम दे बाई. माझे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवलेत. मला जिरं सापडत नाहीये." मी आमच्याच प्रोजेक्टमधलं एक किचकट काम काढून दिलं. दुपारपर्यंत त्यांनी ते संपवलं आणि पुन्हा येरझारा सुरू.

आणि एका सकाळी आल्या आल्या, बूटही न काढता, म्हणाले, "मी जातोय. ईदच्या सुट्टीला जोडून."

"नाशिकला?"

"वॉल्टकडे. त्याला गाडीतून डोंगरात नेतो. इतकी वर्षं मी त्या राज्याचे नियम वाचतोय, माझ्या लक्षातच आलं नाही. मारायला परमिट लागतं. बघायला काही लागत नाही. घाटाच्या रस्त्यावरून दिसतात म्हणे कधीकधी."

वहिनींनी दशम्या, मेतकूट आणि चटण्या भरून दिल्या, आणि मला फोनवर म्हणाल्या, "जाऊ दे बाई. निदान माझं जिरं जागेवर येईल." पण आवाज रडवेला होता.

ईद झाली, रजा संपली, सर आले नाहीत. मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तो लेबनॉनचा, एरवी मवाळ. तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे जोराचा वारा.

"अगं, अजून काहीच दिसलं नाही. वॉल्ट म्हणतोय, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. मी त्याला म्हटलं, पुढचं वर्ष नाही. उद्या सकाळी पुन्हा जायचं. तू मॅनेजरला सांग, माझी रजा वाढव."

"किती दिवस सांगू?"

"दिसेपर्यंत."

मी फोनवर हात ठेवून मॅनेजरला ते तसंच सांगितलं. "हबीबी, व्हॉट इज धिस? मेडिकल इश्यू?"

"येस," मी म्हटलं. "मेडिकल."

पुढच्या आठवड्यात ते परत आले. नाक उन्हानं सोललेलं, ओठ फुटलेले. मी हातातलं काम टाकून वळले.

"दिसला?"

"दिसला. समोरच्या कड्यावर, मोठा नर. वॉल्टला गाडीतूनच दिसला. त्यानं काच खाली केली आणि दुर्बीण लावली. पुष्कळ वेळ उभा होता तो तिथे."

"आणि कसा होता, सर? सांगा ना. शिंगं खरंच तशी असतात?"

"मला काय माहीत? मला एवढ्या लांबून नुसता एक दगड दिसत होता. दुर्बीण एकच होती, त्याची."

"अहो, मग मागायची ना!"

"मागणार होतो गं," ते म्हणाले. "पण त्यानं ती शेवटपर्यंत डोळ्यांवरून काढलीच नाही. मग मी त्याच्याकडेच बघत बसलो."